हाकेला ओ

४ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे! जीपने हाडं खिळखिळी केली. मी औषधांच्या खोक्यावर बसून आले, त्यामुळे औषधं सुखरूप आणि मी मोडीत. ह्यांनी वाटेत सगळी प्रार्थनागीतं म्हणून संपवली आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. ड्रायव्हरने कपाळाला आठी घातली नाही, म्हणजे माणूस भला दिसतोय.

मिशनचं घर टेकाडावर आहे. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. एका अंगाला दवाखाना, दुसऱ्या अंगाला प्रार्थनाघर. दवाखान्याच्या कपाटाचं दार अडकतं आणि वजनकाट्यावर माझं वजन निम्मंच भरतं, त्यामुळे तो काटा मला फार आवडला. खाली उतारावर वस्ती आहे. मधल्या मैदानाभोवती घरं गोल बसवलेली, सगळ्यांची दारं आतल्या बाजूला. आम्ही उतरलो तेव्हा सगळे बाहेर आले आणि एकेकाने आमचे हात हातात घेऊन बघितले. माझी बोटं तर इतका वेळ चाचपली की त्यांनाच नाडी बघायचीय की काय असं वाटलं.

आम्हाला एक दुभाषी मिळाली आहे. ठेंगणी, तरुण, मिशनच्या शाळेत शिकलेली. तोंडाचा पट्टा सतत चालू. मी पहिल्याच दिवशी तिचं नाव चिमणी ठेवलं. ती म्हणाली, मिशनने आधीच एक ठेवलंय, पण ते तिच्याच जिभेवर नीट बसत नाही, तेव्हा चिमणी चालेल. गोड मुलगी आहे.

९ फेब्रुवारी

दवाखाना सुरू झाला. खोकले, चिघळलेले पाय, आलेले डोळे. मी चिमणीला पट्ट्या गुंडाळायला शिकवलं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, पण हे तिला सांगणार नाही, डोक्यावर बसेल.

लोक अतिशय चांगले वागतात. इतके, की माझ्या मनात पाल चुकचुकते. कुणी फार गोड बोलायला लागलं की मी आधी पर्स चाचपते, ही माझी जुनी खोड. हे म्हणतात, शहरातल्या सरकारी वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार. असेल.

एक गोष्ट मात्र फार सुंदर आहे. दिवस मावळताना घराघरातली आई दारात उभी राहते आणि आपल्या माणसांना हाक मारते. नावाने नाही, नात्याने. थोरल्या, मधल्या, पोरी, अशी. ज्याची हाक तो जिथे असेल तिथून ओ देतो आणि घराकडे निघतो. सगळं मैदान त्या आवाजांनी भरून जातं. आम्ही रोज व्हरांड्यात उभं राहून ऐकतो.

टेकाडाला लागून पहिलं घर आहे ते चिमणीच्या आईचं. ही म्हातारी चिमणीला हाक मारते, मग धाकट्याला मारते. त्याला ओ कुणी देत नाही. ती थांबते आणि पुन्हा मारते, अगदी गडद होईपर्यंत. चिमणी म्हणाली की धाकटा भाऊ गेल्या वर्षी नदीत गेला. मग अजून का हाक मारतात? तर घरातली हाक बंद पडू द्यायची नसते. कुणीतरी ओ देईपर्यंत मारायची.

१४ फेब्रुवारी

आज ह्यांनी ओ दिली.

प्रार्थनाघराला कुलूप लावून आम्ही उतरत होतो. म्हातारीने धाकट्याला हाक मारली, पुन्हा मारली, आणि तिसऱ्यांदा तिचा आवाज चिरकला. हे जागच्या जागी थांबले आणि मोठ्याने म्हणाले, ओ! मला वाटलं, आता ही माणसं चिडतात. मैदान एकदम शांत झालं. मग एक बाई हसली, दुसरी रडली, आणि म्हातारी जवळजवळ पळतच आली आणि ह्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपायला लागली. ह्यांचेही डोळे वाहत होते. घरी आल्यावर म्हणाले, सेवा म्हणजे नुसत्या औषधाच्या बाटल्या नव्हेत, एखाद्या आईचा मुलगाही होता आलं पाहिजे. इतक्या वर्षांत मिशनमधल्या कुणाला एवढ्या लवकर कुणी घरचं म्हटलं नसेल, असंही म्हणाले.

मी म्हटलं, एक सासू एवढ्या मुश्किलीने शहरात ठेवून आले, तर इथे दुसरी तयार! आणि चिमणी झाली नणंद. हे खूप हसले. खरं सांगायचं तर मलाही अभिमान वाटला. माझा नवरा आहेच तसा.

एक चिमणी तेवढी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

२५ फेब्रुवारी

ह्यांना भाषा यायला लागली. यायला लागली म्हणजे काय, येतेच. काल वस्तीतल्या म्हाताऱ्यांत बसून काहीतरी विनोद केला आणि सगळे लोळले. मला अजून “दुखतं का” आणि “तोंड उघड” याच्यापुढे जाता येत नाही. हेवा वाटतो, लपवत नाही.

पण हे डाव्या हाताने चाकूला धार लावत होते. ज्या माणसाला घरात साधा खिळा ठोकता येत नाही, तो मासे धरायचं जाळं विणत बसला होता, तेही डावखुऱ्यासारखं. कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाले, कुणी नाही, हाताला येतंच होतं.

चिमणीला विचारलं, तुझा भाऊ डावखुरा होता का गं? ती पट्टी गुंडाळत होती. तिने ती सगळी उलगडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही ती मुलगी गप्प बसली.

६ मार्च

आमच्याकडे लाकडं आणून टाकतो तो उंच माणूस आज दाढ धरून आला. त्याची आईही बरोबर होती. मी तोंड उघडायला लावलं आणि बघतच राहिले. आतल्या दाढेत चांदी भरलेली होती. दंतवैद्याने यंत्राने कोरून भरलेली, व्यवस्थित. इथून सर्वात जवळचा दंतवैद्य जीपच्या वाटेने दिवसभराच्या पलीकडे!

चिमणीकरवी विचारलं, ही दाढ कुठे भरली? आई म्हणाली, जन्मापासून तशीच आहे. मग न विचारता त्याच्या जन्माची सगळी कथा सांगितली, बाळंतपण किती अवघड होतं, तो पायाळू कसा होता. तो शेजारी बसून कौतुकाने ऐकत होता.

वॉर्डात सोंग घेतलेले पेशंट ओळखायची आमची एक युक्ती असे. मी औषध ओतता ओतता एकदम आमच्या भाषेत म्हटलं, अहो, तुमच्या पाठीवर विंचू आहे! त्याची पापणीही हलली नाही. चिमणी मात्र दचकली. म्हणजे हा माणूस सोंग घेत नाही. त्याला खरंच कळत नाही.

जाताना तो प्रार्थनाघरात शिरला. मी मागोमाग गेले. त्याने बाक एका ओळीत सरळ केले, बाहीने टेबल पुसलं आणि टेबलामागे उभा राहून समोरच्या रिकाम्या बाकांकडे बघितलं. हे दर रविवारी अगदी तसंच करतात. मग तो गोंधळला, आपण इथे का आलो ते विसरल्यासारखा, आणि मान खाली घालून निघून गेला.

आमच्या आधीचे पाळक नोकरी सोडून कुठेसे निघून गेले, असं मुख्य केंद्रात सांगितलं होतं. कुठे, ते तेव्हा मी विचारलं नव्हतं.

७ मार्च

ह्यांना सगळं सांगितलं. आधी वस्तीच्या भाषेत काहीतरी बोलले. मी नुसती बघत राहिल्यावर हसले आणि आपल्या भाषेत म्हणाले, तुझा संशय म्हणजे एक कायमचं दुखणं आहे. पण तो शब्द शोधायला त्यांना वेळ लागला. दुखणं हा शब्द!

१९ मार्च

जीप आली. ड्रायव्हरला बाजूला घेऊन विचारलं, आधीचे पाळक दिसायला कसे होते? तो खोकी उतरवत राहिला. म्हणाला, उंच होते, दाढेने हैराण असायचे, मीच एकदा शहरात डॉक्टरकडे नेलं होतं. मी उतारावरून येणाऱ्या लाकूडवाल्याकडे बोट दाखवलं. ड्रायव्हरने एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. म्हणाला, बाई, मी केंद्रात सांगितलं होतं. ते म्हणाले, लाज सोडून रानात राहिलेली माणसं आपण मोजत नाही. पुढच्या खेपेला तुम्ही दोघं चला. सामान बांधू नका, नुसते चला.

चहा न घेता गेला.

२० मार्च

चिमणीला कपाटाशी गाठलं आणि म्हटलं, आता बोल. ती बोलली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. म्हणाली, कुणी कुणाला काही केलेलं नाही. लाकूडवाल्याची आई रडून रडून आंधळी व्हायला आली होती, पाळकांना दया आली, त्यांनी ओ दिली. ज्याची ओ त्याची जागा. मग माणूस हळूहळू त्या जागेत मावतो. तुम्ही नाही का आलात आम्हाला तुमच्या बापाची लेकरं करायला? नवी नावं दिलीत, आम्ही भिडेखातर ओ दिली. पण संध्याकाळ झाली की आमच्या आया हाक मारतात, म्हणून आम्ही आमच्याच राहतो. तुम्हाला इथे संध्याकाळी हाक मारायला कोण आहे?

मी आहे, असं मी म्हटलं.

ती म्हणाली, मग मारा. रोज मारा. आईच्या आधी.

मला राग आला. आणि तरी तिच्या बोलण्यात खोट काढता येईना, याचा जास्त राग आला.

२३ मार्च

दिवस मावळायच्या आत मी व्हरांड्यात जाऊन उभी राहते आणि ओरडते, अहो! पहिल्या दिवशी हे लगेच वर आले, काय झालं म्हणून विचारायला. काल म्हातारीची हाक आणि माझी एकदमच गेली. हे मैदानाच्या मधोमध उभे राहिले. आधी तिला ओ दिली, मग मला.

३० मार्च

“अहो” ही काय हाक झाली? अहो म्हणजे कुणीही. लग्न झाल्यापासून मी ह्यांना कधी नावाने हाक मारली नाही, लाजेने. आज मारली. नुसतं नाव, मोठ्याने, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं. दारातल्या बायका वळून बघायला लागल्या. लाकूडवाला वळला. कुत्रीसुद्धा वळली.

हे वळले नाहीत.

५ एप्रिल

ह्यांनी आपलं अंथरूण म्हातारीकडे नेलं. जाताना दारात अडखळले, परक्याच्या घरातून निघताना माणूस अवघडतो तसे. माझे आभार मानले. त्यांच्या भाषेत.

मला आता “आभार” हा शब्द समजतो.

११ एप्रिल

चिमणीला ताप. अंग नुसतं पोळतंय. गेले काही दिवस तीही माझ्या शेजारी उभी राहून ह्यांना हाक मारत होती. तिच्या आईला ते आवडलं नाही. ताप साधा आहे असं स्वतःला सांगते आहे. साधाच आहे. पण लोक तिला काय पाजतात ते मी प्रत्येक भांडं हुंगून बघते.

१४ एप्रिल

चिमणी गेली.

जे होतं ते सगळं दिलं. सुई, गोळ्या, सलाईन. भांड्यात पाण्याशिवाय काही नव्हतं. कुणी तिचं काही केलं नाही, मी तरी काही पकडू शकले नाही. ताप होता, आणि ती गेली. माझी एकच मैत्रीण होती इथे.

म्हातारीने तिच्या पलीकडून माझ्याकडे बघितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. शिंपी कापड घेण्याआधी नजरेने माप घेतो, तसं तिने मला खांद्यापासून पायापर्यंत बघितलं.

१६ एप्रिल

धाकट्या, अशी हाक. हे ओ देतात.

मग पोरी, अशी हाक. कुणी नाही. पुन्हा, पोरी. सगळ्या दारांतल्या बायका टेकाडाकडे बघत उभ्या. कुणी काही म्हणत नाही. कुणी बोलावतही नाही. नुसत्या थांबतात.

मी दार लावून घेतलं. तरी ऐकू येतं.

१९ एप्रिल

जीप आली. खोकं उचलायला हात हवा म्हणून ह्यांना वर बोलावून घेतलं. आत बसवलं. ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि हे ओरडायला लागले — माणसाला पळवून नेताना तो ओरडेल तसे. मी दंड धरला होता. डाव्या हाताने मला ढकललं. उडी मारली. खाली उभे राहून माझ्याकडे बघितलं — चोराकडे बघावं तसं.

ड्रायव्हर म्हणाला, बाई, तुम्ही तरी चला. ते गेले.

गेले म्हणजे काय? उतारावरून चालताना दिसत होते. तीच पाठ. मानेवरचा तोच तीळ.

नाही गेले मी.

२२ एप्रिल

हे म्हातारीच्या उंबऱ्यावर बसून रडतात. बहिणीसाठी. रोज. माझ्यासाठी कधी असे रडले नव्हते, तशी वेळच आली नव्हती.

आज मी जवळ जाऊन बसले तर हे उठून गेले. परकी बाई जवळ बसली म्हणून.

मला कळतं, सगळे कशाची वाट बघताहेत. मी दुधखुळी नाही. कळून सवरून लिहिते आहे. मी ओ दिली तर हे माझ्याकडे बघतील. बघतील, हसतील, माझ्याशी बोलतील. बायको म्हणून नाही, पण बोलतील. आणि मी रोज इथे लिहीन की मी कोण, हे कोण. रोज वाचेन. पाळक लिहीत नव्हते, म्हणून विसरले. मी विसरणार नाही. विसरले नाही की एक दिवस ह्यांचा हात धरून —

लिहून ठेवते. मी परिचारिका. हे माझे पती. ह्यांना चहा अर्धा कप लागतो, वर साखर जास्त. चिडले की कान लाल होतात. आमचं लग्न माझ्या पसंतीने झालं.

२३ एप्रिल

दिली.

हे धावत आले. धावत! हसत होते आणि रडत होते. माझ्या डोक्यावर हात ठेवला, केस विस्कटले. किती दिवसांनी हात लागला. म्हातारीने माझा चेहरा चाचपला, तिची बोटं ऊबदार आहेत. वाईट बाई नाही ती.

हे माझे पती. हे माझे पती. हे माझे पती.

२७ एप्रिल

वाचलं. सगळं आठवतं. साखर जास्त. कान लाल.

पट्ट्या गुंडाळल्या. आज हात फार भराभर चालला. माझा एवढा कधी —

अंथरूण खाली नेलं. वरच्या घरात एकटीला करमत नाही.

४ मे

कपाटाचं दार उघडंच राहिलं. राहू दे. बाटल्यांवरची अक्षरं वाचायला वेळ लागतो.

मागची पानं वाचली. ही बाई फार संशयी आहे. सगळ्यांवर —

तो मासे घेऊन आला. मोठा मासा मला दिला. नेहमी मलाच देतो, लहानपणापासून.

नाही. लहानपणापासून नाही. लिहायचं होतं काहीतरी — पती — ते —

१७ मे

गाडीवाला आला. माझ्यापुढे उभा राहून काहीतरी बोलत होता, हात हलवत. काही शब्द ओळखीचे वाटले. मी लहान असताना शाळेत असं काहीतरी बोलायचे. त्याने धाकट्याकडे बोट केलं, माझ्याकडे केलं, आणि दोन्ही हात एकात एक गुंफून दाखवले. म्हणजे हा तुझा नवरा, असं विचारत होता!

शी! आम्ही किती हसलो. धाकटा तर लाजून आईच्या मागे लपला, त्याचे कान लालभडक झाले. मी त्या माणसाला समजावून सांगितलं, अरे बाबा, भाऊ आहे तो माझा, पाठचा भाऊ. त्याला कळलं नाही. खाली बसून रडायला लागला. दया आली. घरी कुणी वारलं असेल त्याच्या.

हे कशाला लिहायचं असतं ते आठवत नाही. हाताला येतं म्हणून —

अंधारून आलं. आई दारात उभी आहे. धाकट्याची झाली, आता माझी —